ताण आणि विषाद : स्वतःच्या मनाची परीक्षा

पिकाची परीक्षा करण्यांत आमचा शेतकरीवर्ग कोणासही हार जाणारा नाहीं. कोंवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडली, कीं जमिनींत कोणत्या अन्नद्रव्याची उणीव आहे याचा तो अंदाज बांधतो. संत्र्याच्या बुंध्यांतून डिंक गळूं लागला, कीं मुळाशीं पाणी सांचत असल्याचें तो ओळखतो. गोठ्यांतील बैलानें रवंथ करणें सोडलें, कीं त्याच दिवशीं तो गुरांच्या डॉक्टरास बोलावितो. परंतु हाच मनुष्य स्वतः महिना महिना पहाटे तीन वाजतां जागा होऊन आढ्याकडे पाहत पडतो, ताटावरून अर्धपोटीं उठतो, पेरणी तोंडावर आली असतांही त्याचें पाऊल शेताकडे वळत नाहीं. आणि हीं लक्षणें आहेत, यांस कांहीं नांव आहे, असें त्याच्या मनांतही येत नाहीं. फार झालें तर "आळस भरला", "ग्रह फिरले", "वय झालें" असें तो म्हणतो.

यास नांव आहे. वैद्यकशास्त्र यास नैराश्याचा विकार म्हणतें. डॉक्टर मंडळींच्या बोलण्यांत "डिप्रेशन" हा शब्द येतो. हा विकार ओळखतां येतो, आणि योग्य उपचार झाल्यास बहुतेकांचा तो बराही होतो. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत पाहणी केली. तींत प्रौढ माणसांपैकीं सुमारें २० जणांत एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा विकार झाल्याचें आढळलें, आणि विकार चालू असलेल्यांपैकीं शेंकडा ८५ जणांस उपचार मिळत नव्हता. त्यांतील पुष्कळांस आपण आजारी आहों हेंच ठाऊक नसावें असें आम्हांस वाटतें. कारण आम्हांस स्वतःस तें ठाऊक नव्हतें.

आमची हकीकत

आमची संत्र्याची बाग वरूडच्या बाजूस आहे. ज्या वर्षीं हा विकार आम्हांस जडला तें वर्ष वाईटाचें नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मागील बहाराचा माल बऱ्या भावानें गेला होता, सोसायटीचें देणें फिटलें होतें, घरांत कोणी आजारी नव्हतें. बागाईतदार वाचकांस ठाऊकच आहे कीं, आंबिया बहार धरण्यासाठीं डिसेंबरांत पाणी तोडून झाडांस ताण देतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणें महिना-दीड महिना, भारी जमिनींत त्याहून थोडा अधिक. पानें मलूल होऊन कांहीं गळूं लागलीं, कीं जानेवारींत पाणी देऊन ताण तोडतात आणि झाड फुलावर येतें. ताण कमी पडला तर फूल धड येत नाहीं. प्रमाणाबाहेर गेला तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात व झाड खालावतें.

त्या जानेवारींत ताण तोडण्याची वेळ आली, आणि आम्ही मोटार सुरू केली नाहीं. विसरलों होतों असें नव्हे. रोज सकाळीं बागेंत जाण्यासाठीं पायांत वहाणा घालीत होतों आणि ओट्यावर बसून राहत होतों. "उद्यां" म्हणतां म्हणतां आठ दिवस गेले, पंधरा गेले. पहाटे तीनला झोंप उघडे, आणि उजाडेपर्यंत एकच विचार फिरत राही कीं आपल्यानें आतां कांहीं होत नाहीं. भाकरीस चव लागत नव्हती. नातू मांडीवर येऊन बसला तर त्याचें बोलणें फार लांबून ऐकूं आल्यासारखें वाटे. अखेर आमच्या जुन्या सालदारानें आम्हांस न विचारतां मोटार सुरू केली, आणि ओट्यापाशीं येऊन तो म्हणाला, "भाऊ, झाडाईचा ताण म्या तोडला. तुमचा कवा तुटन?" तोंवर २७ झाडांचे शेंडे वाळून गेले होते.

त्याचे शब्द आम्हांस कळले, पण मनानें त्यांतून अर्थ काढला तो उलटाच : आपल्या हातून २७ झाडें गेलीं, आतां या घरावर आपण भार आहों. हा विचार वारंवार येऊं लागला, तेव्हां तो रोगाचा विचार आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. तो स्वतःचा, नीट हिशेब करून काढलेला निर्णय वाटला. या विकाराचें मोठें कपट तें हेंच. ताप आला असतां ताप आहे असें मन सांगतें. येथें सांगणारें मनच आजारी असतें. पुढें आमच्या कुटुंबानें वडील बंधूंस बोलावून घेतलें, आणि दादांनीं आम्हांस जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं जे प्रश्न विचारले, ते आम्ही स्वतःसच दोन महिन्यांपूर्वीं विचारले असते तर बरें झालें असतें, या विचारानें हा लेख लिहीत आहों.

दुःख आणि विकार

पीक बुडालें, भाव पडला, घरांतील माणूस गेलें, तर दुःख होणारच. तो रोग नव्हे. दुःख लाटांनीं येतें. मधून मधून उसंत मिळते, नातवंडाच्या बोलण्यावर हसूं येतें, चार माणसें भेटलीं कीं मन हलकें होतें. विकारांत अशी उसंत बहुधा नसते. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान २ आठवडे स्थिति तशीच राहते आणि कामकाज खोळंबतें.

नुकसान हें पुष्कळदां निमित्त होतें. परंतु निमित्तावांचूनही विकार होतो. कांहीं घराण्यांत तो पिढ्यांतून उतरतो. कांहींस तो बाळंतपणानंतर, दीर्घ आजारानंतर किंवा मद्याच्या संवयीबरोबर येतो. उलट पक्षीं, निमित्त आहे म्हणून विकार नाहीं असेंही समजूं नये. "एवढें कर्ज असल्यावर कोणास झोंप येईल?" असें म्हणून आपण रोग्यास सोडून देतों. कर्ज खरें, आणि रोगही खरा. दोहोंवर उपाय निरनिराळे आहेत, व रोग हटल्यावांचून कर्जाचा उपाय करण्याचें बळही अंगीं येत नाहीं.

आमच्या पूर्वजांस मनाची ही बाजू अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान दिलें आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. त्यांत अर्जुन अवयव गळाल्याचें, तोंडास कोरड पडल्याचें, धनुष्य हातांतून निसटत असल्याचें सांगतो. रणांगणावरील तो विषाद आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा हा विकार एक नव्हेत. परंतु मनाची अवस्था शरीर बोलून दाखवितें, ही खूण तेथेंही आहे. आणि ती बोलून दाखविणारा भित्रा नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नऊ लक्षणें

डॉक्टर ज्या नऊ गोष्टी पाहतात त्या शेतकऱ्याच्या जीवनांत कशा दिसतात, तें खालीं देत आहों.

(१) उदासी. मन जड, रिकामें किंवा सुन्न असतें. कित्येकांस रडूं येत नाहीं, म्हणून आपण दुःखी नाहीं असें ते समजतात. पुष्कळांस सकाळीं फार वाईट वाटतें व सायंकाळीं थोडें बरें वाटतें.

(२) गोडी नाहींशी होणें. बाजारच्या दिवशीं ओळखीच्यांशीं दोन शब्द बोलणें, भजनास बसणें, पोळ्यास बैल सजविणें, यांत पूर्वीं रस होता, तो आटतो. चांगलें पीक पाहूनही मन उमलत नाहीं.

(३) झोंपेंत बदल. नेहमींच्या वेळेपूर्वीं दोन-तीन तास जाग येऊन पुन्हां डोळा न लागणें ही विशेष खूण होय. कांहीं जण उलट दिवसाही झोंपून राहतात.

(४) भुकेंत बदल. प्रयत्न न करतां वजन घटतें, सदरा सैल होतो. क्वचित् खाणें वाढतें.

(५) थकवा. काम न करतांही अंग मोडून येतें. विहिरीपर्यंत जाऊन येणें म्हणजे डोंगर चढल्यासारखें वाटतें.

(६) मंदपणा किंवा तळमळ. चालणें-बोलणें इतरांच्या लक्षांत येईल इतकें सावकाश होतें, अथवा एका जागीं बसवत नाहीं.

(७) चित्त न ठरणें. वर्तमानपत्राचा एक परिच्छेद तीनदां वाचावा लागतो. कोणतें बियाणें घ्यावें, मजूर केव्हां सांगावे, असे साधे निर्णय होत नाहींत, व कामें पुढें ढकललीं जातात.

(८) स्वतःस दोष. पाऊस न पडल्याचा, बाजार बसल्याचा दोषही मनुष्य आपल्याच माथीं घेतो, आणि "आपण नालायक" असा निकाल देतो.

(९) जगणें नकोसें वाटणें. "सकाळीं जाग आलीच नाहीं तर बरें" येथपासून जीव देण्याच्या विचारापर्यंत याच्या पायऱ्या आहेत. यांतील कोणतीही पायरी क्षुल्लक नव्हे.

या नवांपैकीं पांच किंवा अधिक लक्षणें, त्यांत पहिल्या दोहोंपैकीं निदान एक, अशीं २ आठवडे जवळजवळ रोज असलीं, तर विकार असल्याचा संशय धरून डॉक्टरांकडे जावें. पांचांहून कमी असलीं तरी काम अडत असेल तर विचारून घेण्यांत कांहीं बिघडत नाहीं.

आमच्या लोकांच्या बाबतींत आणखी दोन गोष्टी सांगणें जरूर आहे. एक, पुष्कळ जण मनाचें नांव न काढतां कंबर, डोकें, छाती किंवा पोट यांचीच तक्रार सांगतात, आणि वर्षभर गोळ्या बदलीत राहतात. ती वेदना खोटी नसते. पण तिचें मूळ कांहीं वेळां येथें असतें. दुसरी, पुरुष मनुष्याचें नैराश्य पुष्कळदां रागाच्या रूपानें बाहेर पडतें. घरांतील मुलें समोर येईनाशीं झालीं, बैलावर विनाकारण चाबूक पडूं लागला, किंवा झोंप यावी म्हणून रोज थोडी घ्यावी लागूं लागली, तर त्या गोष्टींचा अर्थ लावावा. मद्यानें त्या रात्रीं झोंप लागते, पण ती मध्येंच तुटते आणि विकार बळावतो.

परीक्षा कशी करावी

ज्या मनाची परीक्षा करावयाची, तेंच परीक्षा करणार. म्हणून केवळ आठवणीवर किंवा वाटण्यावर भिस्त ठेवूं नये. पर्जन्यमापकांतील पाणी आपण रोज वहींत टिपतों, तशीच पंधरा दिवस एक नोंद ठेवावी. रोज चारच गोष्टी लिहाव्या : झोंप कितीला लागली व कितीला उघडली, दोन्ही वेळां पोटभर जेवण झालें कीं नाहीं, योजलेल्या कामांपैकीं कोणतें हातीं घेतलें, आणि घराबाहेरच्या कोणाशीं बोलणें झालें काय. पंधराव्या दिवशीं ती वही आपल्या जवळच्या एखाद्या माणसापुढें ठेवावी, व "मी पूर्वींसारखा आहें काय?" असें सरळ विचारावें. आमच्या अनुभवाप्रमाणें, घरच्या माणसांस उत्तर आधींच ठाऊक असतें. तीं फक्त विचारण्याची वाट पाहत असतात.

दुसरें साधन नऊ प्रश्नांच्या कागदाचें. अमेरिकेतील स्पिट्झर, विल्यम्स व क्रोन्के या संशोधकांनीं तो तयार केला, व २००१ सालीं त्याच्या उपयुक्ततेची तपासणी प्रसिद्ध झाली. आज तो जगभर वापरांत आहे. वर दिलेल्या प्रत्येक लक्षणाचा गेल्या २ आठवड्यांत किती त्रास झाला, हें त्यांत विचारतात. मुळींच नाहीं यास ०, कांहीं दिवस यास १, निम्म्याहून अधिक दिवस यास २, आणि जवळजवळ रोज यास ३, असे गुण द्यावयाचे. एकूण गुण २७ पर्यंत होतात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, आणि २० व त्यापुढें तीव्र विकाराचा संशय धरतात. १० किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांस भेटावें. नवव्या प्रश्नास शून्याखेरीज कोणताही गुण पडला, तर बेरीज न पाहतां त्याच दिवशीं कोणाशीं तरी बोलावें. हा कागद म्हणजे निदान नव्हे. मातीचा नमुना तपासणीस पाठवावा कीं नाहीं, एवढेंच ठरविण्यासारखें तें आहे.

डॉक्टरही लगेच निकाल देत नाहींत. कंठग्रंथीचें काम मंदावणें, रक्त कमी होणें, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, यांनींही अशींच लक्षणें होतात. म्हणून रक्त तपासतात. पूर्वीं कधीं आठवडाभर अतिउत्साह, कमी झोंप व बेसुमार खर्च असा काळ येऊन गेला असेल, तर तें आठवणीनें सांगावें. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते.

उपाय

उपाय मुख्यतः दोन : बोलण्याचा आणि औषधाचा. सौम्य विकारांत पहिला पुरेसा होतो. तीव्र विकारांत दोन्ही लागतात. गोव्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांस शिक्षण देऊन त्यांच्याकडून रोग्यांस ६ ते ८ बैठकी देवविल्या. भर एकाच गोष्टीवर होता : उत्साह येण्याची वाट न पाहतां, पूर्वीं बरें वाटे असें लहानसें काम ठरवून करावयाचें. ३ महिन्यांनीं या बैठकी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण विकारमुक्त दिसले. ज्यांस त्या मिळाल्या नाहींत त्यांच्यांत हें प्रमाण ३९ होतें. आम्हांसही पहिल्या आठवड्यांत एवढेंच सांगितलें होतें कीं रोज एका झाडाच्या बुंध्यास बोर्डो मलम लावावें. एकच झाड, पण रोज.

औषधाविषयीं गैरसमज फार. नैराश्यावरील नेहमींच्या औषधांचें मद्यासारखें व्यसन लागत नाहीं. त्यांचा गुण दिसण्यास २ ते ४ आठवडे, कधीं अधिकही लागतात. आरंभीं मळमळ किंवा डोकेंदुखी होऊं शकते. पहिल्या आठवड्यांत फरक नाहीं म्हणून सोडून देणें, आणि बरें वाटूं लागतांच आपल्या मतानें थांबविणें, या दोन चुका पुष्कळांकडून होतात. बरें वाटल्यानंतरही निदान ६ महिने औषध चालू ठेवून मग तें डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळू कमी करावें.

खेड्यांत हें होणें नाहीं, असें कोणी म्हणेल. आमच्याच अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत "विश्राम" नांवाचा कार्यक्रम राबविला गेला, त्याचा अहवाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. आरंभीं विकार असलेल्या १०० जणांत सुमारें ४ जण उपचारासाठीं जात. गांवांतील कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन माहिती दिल्यावर १८ महिन्यांत हा आंकडा २७ वर गेला. लोक येत नव्हते तें त्यांस बरें व्हावयाचें नव्हतें म्हणून नव्हे. हा आजार आहे, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें म्हणून.

मन काळोखांत गेलें असतां

जीव नकोसा झाला असेल तर एकटें राहूं नये. फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली त्याच दिवशीं घरांतील दुसऱ्या माणसाकडे द्यावी. तो विचार पुष्कळदां कांहीं तासांत ओसरतो, आणि ते तास निभावणें महत्त्वाचें असतें. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनि-सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठींत बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानें, जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिलें आहे व त्याच्या उपचाराचा भार सरकारवर ठेवला आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीनें कोणी इस्पितळ टाळूं नये. आणि शेजाऱ्याविषयीं संशय आला तर त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जातो ही समजूत खरी नाहीं. विचारल्यानें बहुधा ओझें हलकें होतें.

त्या २७ झाडांपैकीं १९ झाडें वाळलेल्या फांद्या छाटल्यावर पुन्हां फुटलीं, ८ काढून टाकावीं लागलीं. त्या आठ खड्ड्यांत दुसऱ्या पावसाळ्यांत नवीं कलमें लावलीं. ताण हा शेतींत आहेच. पाऊस, बाजार आणि देणें हीं आमच्या हातीं नाहींत. परंतु ताण किती दिवसांचा झाला हें मोजणें, आणि तो प्रमाणाबाहेर गेला असतां पाण्यासाठीं दुसऱ्यास हांक मारणें, एवढें आपल्या हातीं आहे. वाचकांनीं आज रात्रीं हिशेबाची वही मिटण्यापूर्वीं तिच्या शेवटच्या पानावर त्या चार गोष्टी लिहिण्यास आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.